आमिष



आमिष हा शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो. निरामिष भोजन म्हणतो, तेव्हा आमिष म्हणजे मांस. आमिष दाखवून फसवले म्हणतो, तेव्हा आमिष म्हणजे लालूच, गळाला टोचलेला गोळा. संस्कृतात हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या पोटी आहेत. गळ्यात तुळशीची माळ घातली की पहिल्या अर्थाचे आमिष सुटले. दुसऱ्या अर्थाचे सुटले का, हे माळ घालताना कोणी विचारत नाही. मला आज तेवढेच तुम्हाला विचारायचे आहे.

विषय निघाला तो पाटोदा तालुक्यातल्या एका सप्ताहात. काल्याच्या आदल्या रात्री कीर्तन उतरले आणि पारावर चारपाच जण बसले होते. त्यांत एक तरुण होता, अमेरिकेत नोकरीला, रजेवर आलेला. तो म्हणाला, "महाराज, माझ्या कचेरीतला एक गोरा गृहस्थ दर वसंतात काळ्या अस्वलाच्या शिकारीला जातो. तिकडे काही राज्यांत शिळे पाव, गोडधोड, चरबी असे मांडून ठेवतात आणि अस्वल खायला आले की मचाणावरून मारतात. हा तसे करत नाही. पायी डोंगर चढतो, दुर्बिणीने शोधतो, वारा पाहून जवळ जातो. कित्येकदा आठ आठ दिवस हिंडून रिकामा येतो. तो म्हणतो, माझी शिकार प्रामाणिक आहे. मला उत्तर सुचले नाही. त्याला पाप कमी लागते का?"

मी काही बोलण्याआधी शेजारचे एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "त्या अस्वलाचं ऱ्हाऊ द्या महाराज. माझ्या भुईमुगात रोज रात्री डुकरं शिरायलीत. पोरगं म्हणायलंय, कणकेत गोळा ठेवू. मी माळकरी माणूस. काय सांगू त्याला?"

दोन प्रश्न वाटतात, पण प्रश्न एकच आहे. फरक इतकाच की एकाला शिकारीची हौस आहे आणि दुसऱ्याच्या पोटाशी आले आहे.

आता येथे पूर्वपक्ष उभा राहतो, आणि आपल्या संप्रदायात तो फार बळकट आहे. मारणे ते मारणेच. पायी जाऊन मारा की गाडीतून, जीव तर गेलाच. मेलेल्या अस्वलाला विचारले की तुला प्रामाणिकपणे मारले याचे समाधान आहे का, तर ते काय सांगणार? मग माळकऱ्याने या भानगडीत पडावेच कशाला? हिंसा सोड म्हणावे आणि पुढे चालावे.

हा पक्ष खोटा नाही, पण तो अपुरा आहे. आपल्या ग्रंथांनी या प्रश्नाकडे इतक्या झटपट पाठ फिरवलेली नाही.

महाभारताच्या आदिपर्वात पांडूची कथा आहे. हरणाची जोडी रतिमग्न असताना पांडूने तिच्यावर पाच बाण सोडले. हरणाच्या रूपात किंदम ऋषी होते. मरता मरता ते बोलू लागले. शापाचा भाग तुम्हाला ठाऊक आहे. शापाआधीचा वाद कीर्तनात फारसा येत नाही. पांडू आपली बाजू मांडतो आणि म्हणतो, राजाने मृगया करावी हे मान्यच आहे, मात्र ती लपून नसावी, कपटाने नसावी. अगस्तीचेही उदाहरण देतो. म्हणजे पाहा, आजचा तो गोरा शिकारी जे म्हणतो तेच पांडूने केव्हाच म्हणून ठेवले आहे. आणि किंदम काय उत्तर देतात? तू हरीण मारलेस म्हणून मी दोष देत नाही, म्हणतात. तू वेळ पाहिली नाहीस. जीव जिवाला भेटत होता, तेवढे तरी थांबायचे होतेस.

कपट नव्हते हे किंदम नाकारत नाहीत. तेवढ्याने भागत नाही, इतकेच सांगतात. वसंतातली शिकार म्हटले की मला हा संवाद आठवतो. हिवाळाभर गुहेत निजलेले अस्वल वसंतात बाहेर येते, भुकेने कोवळे गवत खात हिंडते. माद्यांबरोबर पिल्ले असतात. मोंटाना नावाच्या राज्यात अस्वलाला आमिष मांडायला बंदी आहे आणि पिल्लांसोबतची मादी मारायलाही बंदी आहे. शेजारच्या आयडाहोत आमिषाची मोकळीक आहे. एकाच डोंगररांगेच्या दोन बाजूंना दोन न्याय. मोंटानाच्या कायद्यात पांडूही बसला आहे आणि थोडा किंदमही.

रामायणात मात्र दुसरा सूर निघतो. वाली विचारतो, समोर न येता मला का मारलेस? रामाच्या उत्तरात मुख्य कारण वालीने धाकट्या भावाची बायको ठेवली हे आहे. पण पुढे एक युक्तिवाद असाही येतो की माणसे जाळी, फास, लपवलेले सापळे लावून जनावरे धरतातच, त्यात दोष नाही, आणि तू तर शाखामृग. मी पन्नास वर्षे रामकथा सांगितली. या ठिकाणी सभेत हमखास शांतता पसरते. बायाबापड्या वर पाहतात, की महाराज आता काय सांगतात. मी माझ्यापुरते सांगतो: पहिले कारण पुरेसे होते. दुसऱ्याची गरज नव्हती.

आणि दशरथ. आपण श्रावणबाळाची कथा आईबापांच्या सेवेसाठी सांगतो, पुंडलिकाच्या शेजारी त्याला उभा करतो. पण दशरथ त्या रात्री शरयूकाठी काय करत होता? पाण्यावर येणारे जनावर मारायला अंधारात बसला होता. तहान जनावराला ओढून आणणारच, मग वेगळे आमिष कशाला हवे? पाणी हेच आमिष. घडा बुडाल्याचा आवाज झाला, बाण सुटला.

हे आपल्या बीडकरांना समजावून सांगावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात मी विशीत होतो. आमच्या गावच्या आडाजवळ जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण होती. चैत्राच्या उन्हात हरणे माळावरून उतरून त्या डोणीपाशी यायची, गुरांच्या शेजारी तोंड घालायची, माणसाला बुजायची नाहीत. कोणीही काठीने मारली असती. गावात खायला मिलो ज्वारी, तीही मोजून. तरी कोणी हात उचलला नाही. एक म्हातारी म्हणाली होती, पाण्यावर आलेलं लेकरू असतं. ती काही शिकलेली नव्हती.

योगायोग असा की त्याच १९७२ साली देशात वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. आज शिकारीला सरसकट बंदी आहे, पण आरंभी त्या कायद्यात शिकारीचे परवाने होते आणि परवानेवाल्यासाठी नियम होते. सूर्यास्तानंतर मारू नये. कृत्रिम उजेड पाडून मारू नये. मोटारीतून मारू नये. फास, जाळी, खड्डा, विष, स्फोटक वापरू नये. पाणवठ्यावर आणि त्याच्या वाटेवर मारू नये. दशरथाला परवाना असता तरी त्या रात्री तो गुन्हेगार ठरला असता. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने परवानेच गेले आणि ते नियमही गेले. मला वाटते, नियम गेले तरी शाळेत ते मुलांना वाचून दाखवावेत. ज्यांनी ते लिहिले त्यांना एवढे कळले होते की मारणाऱ्यांतही पायऱ्या असतात.

आता फासाचा विषय निघालाच आहे, तर फासेपारध्यांबद्दल बोलले पाहिजे. २०२५ च्या मार्चमध्ये शिरूर कासार भागातल्या हरणांच्या शिकारीवरून जिल्हा गाजला. त्या प्रकरणाचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे, माझे नाही. पण तेव्हा पारावर जे ऐकू आले ते मला खटकले. अवघ्या समाजाला शिव्या. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो शिक्का सरकारने पुसला, गावांनी अजून पुसलेला नाही.

फासेपारधी केसांच्या, ताताच्या फासात हरीण धरायचे. गायपारधी गाईच्या आडोशाने सावकाश कळपाजवळ जायचे. पाळलेला तित्तर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या हाकेने रानातले तित्तर बोलावून घ्यायचे. हे कपटच, शब्द फिरवण्यात अर्थ नाही. पण माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे की अहमदनगर भागातले फासेपारधी फासात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले तर सोडून द्यायचे. जमातीची रीतच होती. म्हणजे ज्याला आपण कपटी म्हणतो त्याच्या फासात किंदमाला जागा होती. आणि रात्री जीप घेऊन माळावर जाणारे, डोळ्यांवर प्रखर झोत टाकून दिपलेल्या हरणाला उभ्या जागी लोळवणारे आणि सकाळी शेखी मिरवणारे लोक? त्यांच्या बंदुकीला गाभण आणि भाकड कळत नाही. त्यांना कोणी जन्मजात काही म्हणत नाही.

असो. त्या म्हाताऱ्याच्या कणकेकडे येऊ.

शहरातल्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. कणकेच्या किंवा मांसाच्या गोळ्यात स्फोटक दारू भरून तो रानडुकराच्या वाटेवर ठेवतात. डुकराने चावला की जबडा उडतो. लगेच मरत नाही, लांब पळत जाते, कुठेतरी झाडीत तडफडते. आणि गोळ्याला काय कळते कोण खाते ते? गाय खाते, कुत्रे खाते. २०२० च्या मे महिन्यात केरळात पालक्काड जिल्ह्यात एक गाभण हत्तीण अशाच स्फोटकाने जबडा फुटून नदीत उभी राहिली आणि पाण्यातच मेली. तिची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. देश हळहळला. पण असाच गोळा आपल्या बांधावर ठेवताना आपण हळहळत नाही.

मला जे सांगायचे आहे ते येथे आहे. नामदेवरायांच्या पुढची भाकरी कुत्र्याने पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायचे काशीचे गंगोदक वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. या कथा आपण भूतदया म्हणून सांगतो. त्यांच्या शेजारी तो गोळा ठेवून पाहा. इकडेही अन्न, तिकडेही अन्न. इकडेही भुकेले जनावर, तिकडेही. नामदेवरायांनी भाकरीला तूप लावले, आपण कणकेत दारू भरली. शरयूवर पाणी, रामेश्वराच्या वाटेवरही पाणी. एका काठावर बाण लावून बसलेला राजा आणि दुसऱ्या वाटेवर कावड रिती करणारे नाथ.

म्हणून माझे मत असे की आमिषाची शिकार हा जिवाचा अपराध तर आहेच, वर तो अन्नाचाही अपराध आहे. उपनिषदाने अन्नाला ब्रह्म म्हटले. आपण वारीत रस्त्याकडेला बसतो, कोण कुठला माणूस पत्रावळ पुढे ठेवतो, भात वाढतो, आणि आपण न विचारता खातो. त्यात गळ असेल असा संशय येत नाही. लाखो माणसे या एका विश्वासावर आळंदीहून पंढरपूरला पोचतात. पुढे आलेले अन्न जगवण्यासाठी आहे, हा विश्वास जनावरालाही आहे. त्या विश्वासावरच घाव घालायचा, हे पायी डोंगर चढून समोरून बाण मारण्यापेक्षा निराळे आहे. पायी जाणाऱ्याच्या शिकारीत जनावराचे नाक, कान, पाय त्याच्या बाजूने लढतात. वारा फिरला की ते सुटते. शिकाऱ्याला थकावे लागते, वाट पाहावी लागते, आणि वाट पाहता पाहता एखादे दिवशी न मारता परत यावेसे वाटण्याची संधी त्याला असते. आमिष मांडणाऱ्याला ही संधी नाही. तो घरी झोपलेला असतो.

एकादश स्कंधात अवधूताने मासा गुरू केला, तो जिभेच्या लोभासाठी. नाथमहाराजांनी भागवतात त्यावर विस्ताराने निरूपण केले आहे, आणि आपण कीर्तनकार ते माशाला, म्हणजे श्रोत्याला, लावून सांगतो: विषयाच्या गळाला लागू नका. खरे आहे. पण गळ टाकणारा कोण, त्याचे काय, हे आपण सोडून देतो. सप्ताहाच्या पत्रिकेवर कीर्तनकाराच्या नावापेक्षा पंगतीतल्या पक्वान्नाची अक्षरे मोठी छापलेली मी पाहिली आहेत. तोही गोळाच. पण तो विषय वेगळा आहे, आणि माझ्याच धंदाभावांना राग यायचा.

आता कोणी म्हणेल, महाराज, आष्टीत बिबट्या आला तेव्हा पिंजऱ्यात शेळी बांधलीच होती ना? होय. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, त्यात एक लहान मूलही होते. ऊसतोडीचे दिवस, माणसे उघड्यावर, कोपीत निजणारी लेकरे. संध्याकाळनंतर गावे चिडीचूप. वनखात्याने पिंजरे लावले, माणसे आणली, आणि १८ डिसेंबरला करमाळ्याच्या बाजूला त्या बिबट्याला गोळी घातली. त्या गोळीला मी पाप म्हणणार नाही, आणि त्या पिंजऱ्यांना कपट म्हणून नावे ठेवणार नाही. लेकराला वाचवायला काढलेला डाव आणि हौसेसाठी मांडलेला डाव एका तराजूत घालता येत नाहीत. फक्त शेळीला कोणी विचारले नव्हते, एवढे मनात राहते.

तुकोबारायांची गोष्ट सांगूनही काहीजण मला गप्प करू पाहतात. राखणीला बसवले तर त्यांनी पाखरांना कणसे खाऊ दिली. मग डुकरांनी भुईमूग खाल्ला तर काय बिघडले? बाबांनो, भरल्या पोटाच्या सभेत ही गोष्ट सांगणे सोपे आहे. त्या गोष्टीतही शेताचा धनी रागावला होता आणि पंचांकडे गेला होता, आणि धन्याचे म्हणणे वावगे नव्हते. दोन एकर कोरडवाहू, बियाणे उसनवारीचे, वर सोसायटीचे कर्ज, आणि एका रात्रीत डुकरांनी वाफे उकरून टाकले. त्या माणसाला भूतदया शिकवायला मी जाणार नाही.

मग त्या म्हाताऱ्याला मी काय सांगितले? गोळा ठेवू नका. आणि कुंपणाच्या तारेत खांबावरची वीज मुळीच सोडू नका. ती तर गोळ्याहून वाईट. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी तिला चिकटतो. झटका देऊन हुसकावणारे सौर कुंपण निराळे, त्याने कोणी मरत नाही. नुकसान झाले तर वनखात्याकडे लगेच अर्ज द्या, पंचनामा करवून घ्या. कटकट आहे, खेटे घालावे लागतात, तरी करा. चारपाच शेतकऱ्यांनी मिळून पाळीने माळ्यावर राखण करा, डबे वाजवा, भजन म्हणा. हसू नका, टाळ रात्री लांब ऐकू जातो. एवढे करूनही भागले नाही, तर पिके नासवणारी डुकरे मारण्याची रीतसर परवानगी वनाधिकारी देतात. ती काढा, आणि जे व्हायचे ते उजेडात, नेम धरून, एका गोळीत होऊ द्या.

ते म्हणाले, "म्हंजी पाप लागत नाही म्हणता?"

मी म्हणालो, लागत नाही असे मी म्हटलेले नाही. मिथिलेचा धर्मव्याध आठवा. बाजारात मांस विकत बसायचा. स्वतः मारत नव्हता, इतरांनी मारलेले विकायचा. कौशिक ब्राह्मण त्याच्याकडे धर्म विचारायला गेला तेव्हा त्याने आपले काम झाकले नाही, घोर आहे असेच सांगितले. आईबापांची सेवा करायचा, वजनात मारायचा नाही, आणि आपल्या हातून काय होते ते नीट ओळखून होता. रात्री तारेत वीज सोडायची आणि सकाळी एकादशीच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत बसायचे, या माणसापेक्षा तो खाटीक कितीतरी पुढे.

तरुणालाही तेच सांगितले. तुझा मित्र मोटारीतून मारणाऱ्यापेक्षा, पाव मांडून बसणाऱ्यापेक्षा बरा. हे त्याला खुशाल सांग. त्याने एक पाप टाळले. दुसरे टाळलेले नाही, आणि त्या डोंगरावर त्याला भूक घेऊन गेली नव्हती, लेकरू वाचवायचे नव्हते. आपल्याकडे विदर्भात मोहाची फुले गळतात त्या दिवसांत पहाटे फुले वेचायला गेलेल्या बायांवर अस्वल झडप घालते. त्या बाईच्या नवऱ्याने कुऱ्हाड उचलली तर त्याची गोष्ट वेगळी.

तो थोडा नाराज दिसला. म्हणाला, "पण महाराज, इतक्या कष्टाने, इतक्या नियमाने करतो तो."

तेव्हा मी त्याला जरा व्याधाची कथा सांगितली. यादवांना नासवणारे मुसळ चूर्ण करून समुद्रात टाकले; उरलेला लोखंडाचा तुकडा माशाने गिळला. कोळ्यांच्या जाळ्यात तो मासा आला, त्याच्या पोटातले लोखंड जराने बाणाच्या टोकाला बसवले. प्रभासक्षेत्री भगवंत पिंपळाखाली मांडीवर पाय ठेवून एकटे बसले होते. जरा पायीच गेला होता. त्याने आमिष मांडले नव्हते, जाळे लावले नव्हते, नेम अचूक होता. दुरून त्याला पानांतून हरणाचे तोंड दिसले.

तो देवाचा तळवा होता. विटेवर समचरण उभे आहेत म्हणून आपण ज्यांना डोळे भरून पाहतो, त्या चरणांतला एक. जरा धावत जवळ गेला, पाहिले, आणि पायांवर कोसळून म्हणाला, मला मारून टाका. भगवंत म्हणाले, भिऊ नकोस, ऊठ.